शाळेचा दाखला पुरेसा का नाही?

निकाल लागले आणि जून उजाडला की नाशिक जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांपुढे व सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतून एस.टी.ने आलेले बाप, त्यांच्यासोबत बारावी उत्तीर्ण झालेली मुले आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली कागदांची चळत, हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. उत्पन्नाचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि त्यापाठोपाठ जातवैधता प्रमाणपत्र, एवढे कागद वेळेत जमले तर महाविद्यालयाची फी माफ किंवा निम्मी होते. एखादा कागद कमी पडला तर पूर्ण फी भरावी लागते. पूर्ण फी म्हणजे शेतमजुराच्या घरात बहुधा शिक्षणाचा शेवट.

या चळतीत एक कागद मात्र प्रत्येकाजवळ असतो. तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मुलगा कोठे शिकला, किती वर्षे शिकला, कोणत्या जिल्ह्यात वाढला, हे सारे त्यावर शासनमान्य शाळेच्या शिक्क्यानिशी लिहिलेले असते. तरीही फीच्या सवलतीचा प्रश्न आला की हा दाखला एकटा काहीच सिद्ध करू शकत नाही. शासनाच्याच शाळेने दिलेला पुरावा शासनाला पुरत नाही, ही विसंगती साधी कारकुनी बाब म्हणून सोडून देण्याजोगी नाही. सार्वजनिक पैशातून मिळणाऱ्या शिक्षणावर हक्क कोणाचा, कागद सांभाळू शकणाऱ्याचा की येथे राहून राबणाऱ्याचा, हा मूलभूत प्रश्न तीत दडलेला आहे.

चौदा वर्षांपर्यंत उघडे दार

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकास शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे त्याचे कलम १४ सांगते. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश रोखता येणार नाही, असे कलम ५ सांगते. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. नांदगाव-येवल्याकडील कोयते उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्यामागोमाग फिरणाऱ्या मुलांचा विचार करता ही दोन्ही कलमे म्हणजे कायद्याने दाखवलेला शहाणपणा होय. मूल समोर उभे आहे, त्याला शिकायचे आहे, एवढे शाळेला पुरेसे मानले गेले.

परंतु तेच मूल अठरा वर्षांचे झाले की राज्याची भाषा बदलते. आता त्याच्याकडे स्वतःचाच नव्हे, तर आजोबांचा पुरावा मागितला जातो. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यांसाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवसापूर्वी आपले पूर्वज याच राज्याच्या भूभागात राहत होते आणि त्याच जातीचे होते, हे अर्जदाराने दाखवावयाचे असते. जातपडताळणीच्या कायद्याने, म्हणजे महाराष्ट्राच्या २००१ च्या २३ व्या अधिनियमाने, पुराव्याची जबाबदारी पूर्णपणे अर्जदारावर टाकली आहे. दावा फेटाळला गेला तर मिळालेली शिष्यवृत्ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

ज्यांच्या घरात वाडा आहे, वतनाचे कागद आहेत, तीन पिढ्यांची शाळा आहे, त्यांना १९६१ पूर्वीचा कागद शोधणे कठीण नाही. पारध्याच्या किंवा वैदूच्या आजोबांचे नाव १९६१ पूर्वी कोणत्या शाळेच्या पटावर असणार? त्यांतील कित्येक जमातींचे नाव एकाच ठिकाणी नियमितपणे लिहिले जात होते, ते म्हणजे पोलिसांच्या हजेरीपुस्तकात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली देशभरातून रद्द झाला, तोपर्यंत नोंद झालेल्या जमातींच्या माणसांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. ज्या राजसत्तेने आजोबांची हजेरी घेतली तिचीच वारस असलेली राजसत्ता नातवाला विचारते, तुझे आजोबा येथे होते याला पुरावा काय? नोंदी ठेवण्याचे काम शासनाचे होते. त्या ठेवल्या गेल्या नाहीत किंवा नष्ट झाल्या, तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याने का भरावा, याचे समाधानकारक उत्तर आजवर कोणत्याही शासन निर्णयात दिसलेले नाही.

न्यायालयांनी काय म्हटले

राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा फी घेता येते काय, हा वाद स्वतंत्र भारतात फार लवकर न्यायालयात गेला. त्या वेळच्या मध्यभारत राज्याने इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ केली आणि बाहेरच्यांवर ती कायम ठेवली. दिल्लीहून आलेल्या एका विद्यार्थ्याने याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली डी. पी. जोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने राज्याची बाजू उचलून धरली. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई आहे, वास्तव्यावरून नाही, असे न्यायालयाने सांगितले. राज्य आपल्या पैशाने महाविद्यालय चालवते, तेथे शिकलेले रहिवासी पुढे त्याच राज्यात सेवा करतील अशी अपेक्षा असते, म्हणून रहिवाशांना सवलत देणे वाजवी ठरते, असा त्यामागचा विचार होता. न्या. जगन्नाथदास यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

पुढे १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्या. भगवती यांनी सांगितले की भारतात अधिवास एकच आहे, तो भारताचा. राज्याराज्यांचा निराळा अधिवास ही कल्पनाच चुकीची. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत वास्तव्यावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य आहे, हे जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा बजावले. भारतात अधिवास एकच, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगून चाळीस वर्षे उलटली तरी तहसील कचेरीतून ‘अधिवास प्रमाणपत्र’ मिळवावेच लागते आणि त्यासाठी राज्यात सामान्यतः पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

याच मालिकेतील तिसरा निर्णय महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या गेलेल्या एका कुटुंबातील वडिलांना मुंबईत सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीत नोकरी मिळाली. मुलगा नऊ वर्षांचा असताना मुंबईत आला, येथेच शिकला, येथेच बारावी झाला. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जमातीच्या राखीव जागेवर त्याने हक्क सांगितला. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात घटनापीठाने तो नाकारला. जातींच्या व जमातींच्या याद्या त्या त्या राज्यापुरत्या असतात. राज्य ओलांडले की तो दर्जा बरोबर येत नाही, असे पीठाने ठरवले.

राखीव जागांपुरता हा निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु त्याची छाया फीच्या सवलतींवरही पडली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या योजनेत, विद्यार्थी ज्या राज्याचा कायमचा रहिवासी मानला जातो त्या राज्याने पैसे द्यावयाचे असतात. सुरगाणा तालुक्याच्या पलीकडे गुजरातचा डांग जिल्हा आहे. कोकणा आणि वारली या जमाती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, दोन्ही राज्यांच्या याद्यांत आहेत, त्यांच्या सोयरिकी सीमा मानत नाहीत. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा डोंगरातून एक रेषा ओढली गेली. त्यानंतर डांगातून येऊन दिंडोरीच्या द्राक्षबागेत स्थायिक झालेल्या कोकणा मजुराची मुलगी नाशिकच्या महाविद्यालयात आली, तर ती महाराष्ट्राच्या दृष्टीने गुजरातची आणि गुजरातच्या दृष्टीने परगावी गेलेली. गरिबी तीच, जमात तीच. मात्र तिच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही. शिधापत्रिकेवरचे धान्य आता देशात कोठेही उचलता येते. शिष्यवृत्तीला ही सोय नाही.

अमेरिकेतील धडा

स्थलांतरितांच्या मुलांनी कोणत्या दराने फी भरावी हा वाद आज सर्वांत तीव्रतेने अमेरिकेत चालू आहे, आणि त्यातून येथील कार्यकर्त्यांनी घेण्याजोगे बरेच आहे. तेथील सरकारी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांना कमी फी असते, बाहेरच्यांना कित्येक पट अधिक. आईबापांबरोबर लहानपणी कागदपत्रांविना आलेली, तेथेच वाढलेली मुले यांपैकी कोणत्या वर्गात मोडतात, हा तेथील प्रश्न.

शाळेपुरता तो १९८२ साली सुटला. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा करून अशा मुलांच्या शाळेचा खर्च देणे बंद केले होते. प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, आणि निरक्षरांचा एक कायमचा तळवर्ग निर्माण करण्यात राज्याचे कोणतेच हित नाही, ही त्या निकालाची दिशा होती. आपल्याकडील कलम १४ मागेही हाच विचार आहे.

महाविद्यालयाच्या दारात मात्र तेथेही भाषा बदलली. संसदेने १९९६ साली असा कायदा केला की, बेकायदा वास्तव्य करणाऱ्यास केवळ राज्यातील वास्तव्याच्या आधारावर उच्च शिक्षणाचा जो लाभ दिला जाईल तो इतर राज्यांतील सर्व अमेरिकन नागरिकांनाही मिळाला पाहिजे. तरीही २००१ साली टेक्सासने आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियाने रहिवाशांच्या दराचे दार या मुलांना उघडून दिले. टेक्सासच्या कायद्यावर सही करणारे राज्यपाल रिपब्लिकन पक्षाचे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. कॅलिफोर्नियाने निकष वास्तव्याचा ठेवलाच नाही. तीन वर्षे राज्यातील माध्यमिक शाळेत शिकून तेथेच उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला सवलत, असा तो निकष होता. परराज्यात गेलेले अमेरिकन नागरिकही त्यात बसत असल्याने हा वास्तव्याचा नव्हे तर शिक्षणाचा निकष आहे, असे म्हणून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो एकमताने वैध ठरवला.

२०२५ साली वारे फिरले. फ्लोरिडाने आपली सवलत स्वतःच रद्द केली. ४ जून २०२५ रोजी संघराज्य सरकारने टेक्सासच्या कायद्याविरुद्ध दावा दाखल केला, टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी तो त्याच दिवशी मान्य केला आणि त्याच दिवशी न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी थांबवली. चोवीस वर्षे चाललेला कायदा एका दिवसात संपला. ज्या विद्यार्थ्यांचे भवितव्य पणाला लागले होते त्यांचे म्हणणे ऐकले जाण्यापूर्वी संपला. त्याच वर्षी केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या राज्यांवरही असेच दावे झाले.

अमेरिकेतील त्या मुलांची आणि नाशिकच्या मुलांची स्थिती एकच आहे असे कोणी म्हणणार नाही. तेथे प्रश्न परकीय नागरिकत्वाचा आहे; येथील मुले याच देशाची नागरिक आहेत. परंतु या फरकाने येथील अन्याय हलका होत नाही, उलट अधिक ठळक होतो. कॅलिफोर्नियाला परदेशी मुलाच्या बाबतीत तीन वर्षांची शाळा पुरेशी वाटली. महाराष्ट्राला स्वतःच्या आश्रमशाळेत दहा वर्षे शिकलेल्या मुलाच्या बाबतीतही ती पुरत नाही.

पैसा कोणाचा?

सवलतीला विरोध करणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद पैशाचा असतो. करदात्यांचा पैसा बाहेरून आलेल्यांवर, पुरावा नसलेल्यांवर का खर्च करावा, असे विचारले जाते. अर्थशास्त्राच्या साध्या कसोटीवरही हा युक्तिवाद टिकत नाही. महाराष्ट्राच्या स्वतःच्या करउत्पन्नात सर्वांत मोठा वाटा वस्तू व सेवा कराचा आहे. हा कर देताना कोणी अधिवासाचा दाखला मागत नाही. साबण, चहा, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज यांवरचा कर अंबडच्या कारखान्यातील बिहारी हेल्पर भरतो, पेठहून आलेली मजूर बाई भरते आणि पालावरचा पारधीही भरतो. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर अप्रत्यक्ष कराचा भार गरिबावरच जास्त पडतो, हे वित्तशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात असते. टेक्सासमध्ये तर व्यक्तिगत आयकर नाहीच. तेथील तिजोरी मुख्यतः विक्रीकरावर चालते आणि तो कर कागद नसलेला मजूरही भरतो. कर घेताना जो आपला, तो सवलत देताना परका, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी हेच सांगितले होते. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा आक्षेप होता. तेव्हा रयतेला शिक्षणाबाहेर ठेवणारे कारण जातीचे व उदासीनतेचे होते. आज राज्य शिष्यवृत्तीच्या योजना जाहीर करते, जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण माफी देते, आणि हे स्वागतार्ह आहे. परंतु कागदाची चाळण इतकी बारीक आहे की सर्वांत गरजू तेवढे बाहेर राहतात.

शिवाय खर्चाचा विचार करताना आधी झालेला खर्चही धरला पाहिजे. आश्रमशाळेत एका मुलाला बारावीपर्यंत जेवणखाण, निवास, पुस्तके देऊन शिकवल्यावर, शेवटच्या तीन वर्षांच्या फीसाठी त्याला द्राक्षबागेत परत पाठवणे म्हणजे विहीर पाणी लागण्याच्या बेतात असताना खोदकाम थांबवणे होय.

जागा वेगळी, फी वेगळी

येथे एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो बाहेरच्यांचा नाही, खुद्द आदिवासी कार्यकर्त्यांचा आहे. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावण्याचा धंदा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालला. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची रचना घालून दिली ती यामुळेच. खोट्या दाव्यावर मिळवलेला प्रवेश वा नोकरी टिकू शकत नाही, असे त्याच न्यायालयाने २०१७ साली ठामपणे सांगितले, तेही यामुळेच. पडताळणी सैल केली तर खरा आदिवासीच मारला जाईल, ही भीती निराधार नाही.

परंतु या आक्षेपातच प्रश्नाची उकल आहे. राखीव जागा मोजक्या असतात. एकाने खोटेपणाने घेतली तर दुसऱ्याची जाते. म्हणून जागेसाठी कठोर पडताळणी हवीच. फीच्या सवलतीचे तसे नाही. सुरगाण्याच्या मुलीला मिळालेली फीमाफी पेठच्या मुलाची फीमाफी हिरावून घेत नाही. ती तिजोरीवरचा खर्च तेवढा वाढवते, आणि त्या खर्चाला उत्पन्नाची मर्यादा आहेच. दोन वेगळ्या गोष्टींना एकाच कुलपात बंद करून ठेवल्यामुळे खोटेपणा रोखण्यासाठी बनवलेली किल्ली गरिबालाही लागू झाली. जागेसाठी जातवैधता आणि फीसाठी शाळा व उत्पन्न, अशी विभागणी केली तर आदिवासींच्या जागांचे रक्षणही होईल आणि शिक्षणही अडणार नाही.

पडताळणीतही न्यायालयांनी अलीकडे विवेकाची भूमिका घेतली आहे. रूढी, बोली, देवदेवता यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे अर्जदाराला देता आली नाहीत एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही. आप्तभावाची चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे, असे ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली असेल तर पुन्हा शून्यापासून चौकशी करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच अपूर्वा निचळे प्रकरणात सांगितले होते. हे निकाल खालपर्यंत पोचवणे हेही कार्यकर्त्यांचे काम आहे.

राज्याला हे जमते

शाळेचा पुरावा पुरेसा मानणे राज्याला अशक्य आहे असे म्हणावे, तर राज्य एका ठिकाणी ते करतेच. कर्नाटकाशी वादग्रस्त असलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी तेथील शाळेत दहावी-बारावी झाला, तर महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी त्याला महाराष्ट्राचा मानले जाते. हे योग्यच आहे. त्या गावांशी महाराष्ट्राचे भावनिक व घटनात्मक नाते आहे आणि त्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. पण ज्या औदार्याने बेळगावच्या मुलाला आपले म्हटले जाते त्याचा अंशही डांगच्या सीमेवर का दिसू नये? २०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी, साध्या सोयी मिळत नाहीत म्हणून, गुजरातमध्ये सामील होण्याची मागणी केली होती. एका सीमेवरचे लोक महाराष्ट्रात येण्यासाठी लढतात, दुसऱ्या सीमेवरचे बाहेर जाण्याची भाषा करतात, यातला बोध राज्यकर्त्यांनी घ्यावा.

दुसरा दाखला रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकाराला आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. त्या योजनेची थोरवी अशी की तिने गरिबाला गरिबीचा दाखला मागितला नाही. भर उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, एवढी साधी कसोटी तिने मानली. हजेरीपट हाच पुरावा होता. शिक्षणाला हीच कसोटी का लावू नये? वर्षानुवर्षे रानवाटा तुडवत जो शाळेत आला आणि बारावी झाला, त्याने आपण येथले आहोत हे सिद्ध केले आहे.

या साऱ्यावर आता नवे सावट आले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून सर्वत्र मुख्य पुरावा झाला आहे. मालेगावात उशिराच्या नोंदींवरून दिलेल्या दाखल्यांविषयी आरोप झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्याने विशेष तपास पथक नेमले, असे दाखले देणे थांबवले आणि पुढे त्याचे नियम अधिक कडक केले. खोटे दाखले देणाऱ्यांवर अवश्य कारवाई व्हावी. परंतु घरीच बाळंतपण झालेल्या यंत्रमाग कामगाराच्या पत्नीला आणि पाड्यावरच्या आदिवासी बाईला मुलाची नोंद वेळेत करता आली नाही, म्हणून सगळ्या उशिराच्या नोंदी संशयास्पद ठरवणे म्हणजे गरिबीलाच गुन्हा ठरवणे होय. १८७१ च्या कायद्याची आठवण अशा वेळी होते.

परप्रांतीयांच्या प्रश्नावर समाजवाद्यांनी गप्प राहणेही बरोबर नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनानंतर सातपूर-अंबडचे हजारो कामगार गावी निघून गेले तेव्हा कारखान्यांची चाके कोणाच्या श्रमावर फिरतात हे नाशिकने पाहिले. त्या कामगारांची जी मुले येथील शाळांत मराठी शिकून बारावी झाली, त्यांना मराठी समाजात सामावून घेण्याचा मार्ग महाविद्यालयाच्या वर्गातून जातो. त्यांना बाहेर ठेवून भूमिपुत्राची बाकावरील एक जागाही वाढत नाही.

मागणी काय असावी

मागणी थोडक्यात अशी मांडता येईल. राज्यातील मान्यताप्राप्त शाळेत किमान तीन वर्षे शिकून बारावी उत्तीर्ण झालेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शासनाच्या फी-सवलतीचा लाभ शाळेच्या दाखल्यावर मिळावा. त्यासाठी अधिवास व जातवैधता यांची अट नसावी. राखीव जागांची पडताळणी आहे तशी राहावी, मात्र निकाल ठरलेल्या मुदतीत लागावा आणि समितीच्या विलंबाची शिक्षा विद्यार्थ्याला होऊ नये. पूर्वजांच्या वास्तव्याच्या पुराव्यासाठी रोजगार हमीचे हजेरीपट, मतदार याद्या, शिधापत्रिकांच्या नोंदी, पोलीस व जंगल खात्याची जुनी दप्तरे शासनाने स्वतः शोधावीत. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या यादीत असलेल्या जमातींच्या मुलांची शिष्यवृत्ती, ती जेथे शिकतात तेथे मिळावी. दोन राज्यांनी आपसांतला हिशेब नंतर करावा.

न्यायालयाचा मार्ग आहे, परंतु टेक्सासचा अनुभव सांगतो की ज्या हक्कामागे संघटित लोक उभे नाहीत तो हक्क एका दुपारीत जाऊ शकतो. २०१८ च्या मार्च महिन्यात नाशिकहून निघालेले हजारो आदिवासी शेतकरी जंगल जमिनीच्या हक्कासाठी मुंबईपर्यंत चालत गेले. त्यांतील कित्येकांची मुले आज बारावीच्या उंबरठ्यावर आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकातच आहे. येत्या हंगामात तालुक्यातालुक्यांत, आश्रमशाळांत, मजूर अड्ड्यांवर आणि पालांवर जाऊन, कोणत्या मुलाची फी कोणत्या कागदावाचून अडली याची यादी कार्यकर्त्यांनी तयार करावी आणि ती नावानिशी आयुक्तालयाच्या टेबलावर ठेवावी. पुढचे निवेदन आणि गरज पडल्यास पुढचा खटला त्या यादीतून उभा राहील.